फिशटँकच्या पाईपमधलं शेवाळ

आजचा भाग पाईपवर आहे. टाकीवर नाही, माशांवर नाही, फिल्टरवरही नाही. पाणी बदलायला आपण जो पारदर्शक पाईप वापरतो, कुणाकडे तीन मीटरचा, कुणाकडे दहा मीटरचा, आणि काम झालं की गुंडाळून बाल्कनीतल्या खिळ्याला अडकवतो, त्या पाईपवर. दोन-तीन महिन्यांत तो आतून हिरवा होतो. तो साफ कसा करायचा, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. काही जणांनी असंही विचारलं की साफ करायची गरजच काय, शेवाळ तर टाकीतही असतंच की. हा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शेवाळाला लागतं काय? ओल, उजेड आणि खत. खत म्हणजे माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात आलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट. पाणी आपण त्यासाठीच तर बदलतो. म्हणजे या पाईपमधून जातं ते टाकीतलं सगळ्यात खतावलेलं पाणी. त्यातलं थोडं वेटोळ्याच्या खालच्या भागात साठून राहतं, आणि बाल्कनीतलं ऊन फुकट मिळतं. शेवाळाची याहून चांगली नर्सरी मुद्दाम करायची म्हटली तरी जमणार नाही.

तुमच्याकडे असा टांगलेला पाईप असेल तर एकदा नीट बघा. वेटोळ्याची जी बाजू उजेडाकडे असते ती हिरवी असते. जी बाजू भिंतीकडे, सावलीत असते, ती हिरवी नसते. पण ती स्वच्छही नसते. तिथे तपकिरी, पिवळट असा एक थर असतो, हात लावला तर बुळबुळीत. ते शेवाळ नाही. तो मुख्यतः जिवाणूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर आहे, इंग्रजीत ज्याला बायोफिल्म म्हणतात. आपल्या दातांवर सकाळी जी चिकट पुटं असतात, त्याच जातीचा प्रकार. आणि हिरव्या बाजूलाही शेवाळाच्या सोबतीला, त्याच्या खाली, हाच थर असतो. त्याला उजेड लागत नाही. ओल आणि थोडंसं अन्न मिळालं की पुरे.

तर सरळ सांगायचं तर शेवाळ स्वतः फारसं वाईट नाही. माशांना त्याने काही होत नाही, उलट माझ्या टाकीतले मॉली आवडीने खातात. पण पाईपमधलं हिरवं हा एक निरोप आहे की हा पाईप कधीच पूर्ण वाळलेला नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक लॉग वाचून पोट भरतो, त्यामुळे मला ते तसंच दिसतं. लाल ओळ दिसली म्हणून कुणी लाल ओळ पुसत बसत नाही, ती कशामुळे आली ते शोधतो.

म्हणूनच ‘काळा पाईप घ्या, शेवाळच होणार नाही’ हा सल्ला मला पटत नाही. शेवाळ होणार नाही हे खरं. उजेडच नाही तर कुठून होणार! पण तो बुळबुळीत थर होणारच, फक्त आता तुम्हाला दिसणार नाही. बागेच्या हिरव्या पाईपचं तेच, आणि त्यात तो कसल्या दर्जाच्या प्लॅस्टिकचा आहे हे कुणाला माहीत नसतं. पारदर्शकच पाईप घ्या. एखादं पिल्लू खेचलं गेलं तर तेही दिसतं.

पाणी हळू येतं, ही दुसरी तक्रार. तिचं गणित सोपं आहे. पाईपचा आतला व्यास १२ मिलिमीटर आहे आणि आत सगळीकडे एक मिलिमीटरचा थर बसला, तर उरले १० मिलिमीटर. ऐकायला कमी वाटतं, पण पाणी जायच्या वाटेचं क्षेत्रफळ जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतं, आणि प्रवाह त्याहून जास्त घटतो, कारण अरुंद वाटेत घर्षण वाढतं आणि त्यात थराचा पृष्ठभाग खडबडीत, लोंबत्या धाग्यांचा असतो. माझी एक सवय आहे : १५ लिटरची बादली ठेवायची आणि मोबाईलवर वेळ लावायची. स्वच्छ पाईपने दोन मिनिटांच्या आसपास भरते. तीन मिनिटांच्या पुढे गेली की पाईप आतून बघायची वेळ झाली. यात टाकीची उंची, पाईपची लांबी सगळं येतं, त्यामुळे माझा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. तुमचा पाईप नवा असताना तुमची बादली मोजून ठेवा.

पण हे सगळं माझ्यासाठी एवढं महत्त्वाचं झालं ते प्रवाहामुळे नाही. आमच्याकडे टाकी माझी असली तरी आठवड्यातला निम्मा वेळ ती आईकडे असते. मी खराडीला ऑफिसात, ती घरी. मासे तिला ओळखतात, मला नाही, हे मी मान्य केलेलं आहे. ती पाणी बदलायची तेव्हा पाईप तोंडाने ओढायची. तिच्या लहानपणी कॅनमधून रॉकेल असंच काढत, तिला त्यात काही विशेष वाटायचं नाही. मग दोन वर्षांपूर्वी तिला संधिवाताचं निदान झालं आणि शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दाबणारी औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी घरात काय काय पाळलंय ते विचारलं. मी मासे म्हणालो. ते म्हणाले, मासे ठेवा, पण त्यांच्या पाण्यात हात घालताना जपा.

त्यामागचं कारण मी नंतर नीट वाचलं. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा एक जिवाणू आहे. क्षयरोगाच्या आणि कुष्ठरोगाच्या जिवाणूंचा नातेवाईक. १९२६ साली फिलाडेल्फियातल्या मत्स्यालयात मेलेल्या समुद्री माशांमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. गोड्या पाण्यातल्या टाक्यांमध्येही तो असतो, आणि त्याला बायोफिल्ममध्ये राहायला आवडतं. हातावर चीर, खरचटलेलं असेल तर तिथून तो कातडीत शिरतो. शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडं थंड, तिशीच्या आसपासचं तापमान त्याला मानवतं, म्हणून तो बहुतेक वेळा बोटांवर, हातावरच राहतो. दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा गाठ येते, आणि तोपर्यंत टाकीत हात घातल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. उपचार आहेत, पण काही महिने औषधं घ्यावी लागतात. धडधाकट माणसाला हे होणं दुर्मिळ आहे, उगाच घाबरू नका. पण हातावरची गाठ बरी होत नसेल आणि तुम्ही मासे पाळत असाल, तर डॉक्टरांना ‘घरी फिशटँक आहे’ हे न विचारता सांगा. ते एक वाक्य तुमचे बरेच हेलपाटे वाचवेल.

आता टाकी देऊन टाकायची की ठेवायची, यावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा झाली. आईचं म्हणणं स्पष्ट होतं : “मासे जाणार नाहीत, तुझा तो घाणेरडा पाईप जाईल.” पाईप फेकून नवा आणला तर तो दोन महिन्यांत पुन्हा तसाच होणार होता. त्यामुळे मग पद्धतच बसवली.

पहिली गोष्ट घासणे. औषध नंतर. हा क्रम का, तर त्या चिकट थरात जिवाणू झाकलेले असतात. वरून कितीही ब्लीच ओता, वरचा थर मरतो, खालचा सुरक्षित राहतो. त्यातून मायकोबॅक्टेरियाच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं, क्लोरीनला ते इतर बऱ्याच जिवाणूंपेक्षा चांगलं तोंड देतात. म्हणून थर आधी ओरबाडून काढायचा.

पाईप दीड-दोन मीटरचा असेल तर लांब स्प्रिंगच्या टोकाला नायलॉनचा ब्रश असलेलं अवजार मिळतं, ॲक्वेरियमच्या दुकानात किंवा ऑनलाइन. घ्या आणि सुखी व्हा. मात्र पाईपच्या व्यासापेक्षा किंचित मोठा ब्रश घ्या, लहान घेतला तर तो एकाच बाजूने घासटत जातो. पण तीन मीटरच्या पुढे ब्रश पुरत नाही. मी बराच वेळ तारेचे प्रयोग करत होतो. आई बघत होती. शेवटी म्हणाली, “अरे, परकराला नाडी ओवतात तशी ओव ना.”

आणि तेच उत्तर आहे. नायलॉनची बारीक दोरी घ्यायची, पाईपच्या दुपटीहून थोडी लांब. आधी ती पाईपमधून पार करायची. सेफ्टी पिन तीन मीटर सरकवत बसावं लागत नाही, पाणी ते काम करतं. दोरीच्या टोकाला शेंगदाण्याएवढा स्पंजचा तुकडा बांधायचा, तो पाईपच्या तोंडात सैलसर ढकलायचा आणि मागून नळाचं पाणी हळू सोडायचं. पाणी तुकड्याला ओढून दुसऱ्या टोकाला नेतं. मग त्या टोकाला सुती चिंधीची गाठ बांधायची, पाईपमध्ये घट्ट बसेल पण अडकणार नाही इतपत, आणि ओढायची. चिंधीच्या मागेही दोरी राहू द्या. अडकली तर मागे ओढता येते, आणि त्यासाठीच दोरी दुप्पट लांब घ्यायची. पहिल्या फेरीला जे बाहेर येतं ते बघून जेवण जात नाही, एवढंच सांगतो. चार-पाच फेऱ्यांत चिंधी स्वच्छ यायला लागते.

ज्यांनी एनसीसीत थ्री-नॉट-थ्री साफ केलीय त्यांना पुल-थ्रू आणि चिंदी आठवली असेल. तेच आहे हे. आणि मोठ्या प्रमाणावरही लोक हेच करतात. तेलाच्या पाईपलाईनमध्ये प्रवाहाच्याच जोराने एक बोळा पुढे ढकलत नेतात, त्याला ‘पिग’ म्हणतात. वीजकेंद्रांमध्ये कंडेन्सरच्या नळ्यांमधून स्पंजचे गोळे फिरवतात, केंद्र चालू असतानाच. म्हणजे आईची नाडी ही चांगली इंजिनिअरिंग पद्धत आहे. बीटेकला हे मला कुणी या शब्दांत सांगितलं नव्हतं.

उकळतं पाणी ओतू नका. साधा पारदर्शक पाईप पीव्हीसीचा असतो, तो मऊ पडतो, पिचकतो, दुधी होतो. सिलिकॉनचा असेल तर त्याला चालतं. साबणही नको. आत राहिलेला साबण निघता निघत नाही.

आता औषध. दोन पर्याय आहेत.

एक, हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळतं ते बऱ्याचदा ६ टक्क्यांचं असतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के होतं. तीन मीटरच्या, १२ मिलिमीटरच्या पाईपमध्ये मावतं किती, तर साधारण ३४० मिलिलिटर. म्हणजे बादलीभर औषध करायची गरज नाही. पाईप इंग्रजी यू सारखा टांगायचा, दोन्ही तोंडं वर, आणि नरसाळ्याने भरायचा. अर्धा तास ठेवायचा. तोंडं बंद करायची नाहीत, कारण त्यातून ऑक्सिजन सुटतो, बुडबुडे येतात, आणि बूच मारलेलं असेल तर ते उडतं. शेवटी पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजनच होतो, मागे विषारी काही उरत नाही. आमच्याकडे हेच वापरतो.

दोन, ब्लीच. बिनवासाचं, बिनसाबणाचं साधं सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग ब्लीच आणि एकोणीस भाग पाणी, पंधरा-वीस मिनिटं. स्वस्त आहे, जोरदार आहे, पण नंतर ते पूर्ण काढावं लागतं, कारण थोडासा क्लोरीनही माशांच्या कल्ल्यांना पोळतो. चांगलं खळबळून झालं की ॲक्वेरियमच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून जे खडे मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते विरघळवलेल्या पाण्यात पाईप बुडवून ठेवायचा. मग पुन्हा साध्या पाण्याने धुवायचा.

क्लोरीन खरंच गेलाय का? माझा मामा गावाकडे ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. विहिरीत टीसीएल पावडर टाकणे आणि दुसऱ्या दिवशी ओटी टेस्ट करणे हे त्याचं रोजचं काम. तो म्हणाला, “वासावर काय जातोस, थेंब टाकून बघ, पिवळं झालं की क्लोरीन आहे.” मग मी त्या टेस्टची बाटली आणली. एक मात्र ध्यानात ठेवा : नळाच्या पाण्यातच क्लोरीन असतो, त्यामुळे ते थोडं पिवळं होणारच. थायोसल्फेटमध्ये बुडवलेल्या पाईपमधून जे पाणी निथळतं ते तपासा. ते अजिबात पिवळं व्हायला नको. टेस्टचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका.

आणि हे कृपया घरातल्या सगळ्यांना सांगा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबूसत्व, हार्पिक यातलं काहीही मिसळायचं नाही. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने पाईपवर पांढरे क्षार बसले असतील तर त्यासाठी लिंबूसत्व किंवा व्हिनेगर चालतं, पण ते वेगळ्या दिवशी, पाईप पूर्ण धुऊन झाल्यावर.

एवढं करून पाईप पुन्हा खिळ्याला वेटोळं करून टांगलात तर सगळं पाण्यात. वेटोळ्याच्या प्रत्येक वळणाच्या तळाशी दोन-दोन चमचे पाणी राहतंच. पाईप उलगडायचा, मधोमध दांडीवर टाकायचा, दोन्ही तोंडं खाली मोकळी. आमच्याकडे कपडे वाळत घालायच्या उंच दांडीवर जातो. आईच्या खांद्याला हात वर करणं जड जातं म्हणून तिथे आता दोरीने वर-खाली होणारी दांडी बसवलीय. तरी आतले थेंब पटकन वाळत नाहीत, कारण आतली हवा हलत नाही. त्यावर उपाय : टाकीत बुडबुडे सोडणारा जो छोटा हवेचा पंप असतो, कुणाकडे जुना पडलेला असेलच, त्याची नळी पाईपच्या एका तोंडात अडकवून रात्रभर चालू ठेवायची. पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये दुसरं काहीही चालत नाही. वाळला की कपाटात, अंधारात. आधी वाळवणे, मग अंधार. उलटं केलं तर तोच काळ्या पाईपचा प्रकार.

पूर्ण वाळण्याचा आणखी एक फायदा आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा जो रोग असतो, इक, त्याचा परजीवी कोरडेपणात टिकत नाही. नवीन माशांची वेगळी टाकी आणि मुख्य टाकी यांना एकच ओला पाईप वापरला तर वेगळी टाकी ठेवण्याचा उपयोगच काय? शक्य असेल तर दोन पाईप ठेवा. आमच्या एकाला लाल चिकटपट्टी आहे.

तोंडाने ओढणं अर्थातच बंद. पाईप पूर्ण टाकीत बुडवायचा, हवा जाऊ द्यायची, एक तोंड अंगठ्याने दाबून बादलीत न्यायचं आणि सोडायचं. हात बुडवायचे नसतील तर रबरी फुग्याचा हातपंप येतो, दाबला की पाणी सुरू. आई तो वापरते, कोपरापर्यंतचे हातमोजे घालून. ती दिसते एखाद्या सर्जनसारखी, आणि माशांशी बोलतेही त्याच थाटात.

अजून एक, हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी. काही जण नळालाच पाईप जोडून दुसरं टोक टाकीत बुडवून भरतात. समजा तेवढ्यात गच्चीवरची टाकी संपली आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, तर तुमच्या फिशटँकचं पाणी उलटं ओढलं जाऊन इमारतीच्या पाईपमध्ये जाऊ शकतं. सायफनला दिशा कळत नाही, त्याला फक्त उतार कळतो. त्यामुळे भरताना पाईपचं तोंड पाण्याच्या वर, वीतभर अंतरावर राहील असं चिमट्याने कडेला अडकवा. पाण्याचा आवाज होतो, होऊ द्या.

पाईप टाकून कधी द्यायचा, हेही विचारलं होतं. आतून ओरखडे पडले, किंवा घासूनही डाग जात नाहीत, किंवा वाकवल्यावर कडक लागतो, की द्यायचा. मीटरवर विकत मिळतो, फार महाग नाही. फिल्टरला कायम जोडलेल्या नळ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या वाळवता येत नाहीत आणि त्यातला सगळाच थर काढावासा वाटत नाही. त्यावर पुढच्या भागात बोलू. तोवर तुमची बादली किती वेळात भरते ते मोजून कळवा, सोबत पाईपचा व्यास आणि लांबी लिहा, नाहीतर मला काहीच कळणार नाही.